सेल्फ-इन्फ्लेटिंग मॅट: दुकानात, गडावर आणि घरी परतल्यावर

डिसेंबरातल्या एका रात्री हरिश्चंद्रगडावर मी झोपायची माझी नवीकोरी सेल्फ-इन्फ्लेटिंग मॅट पहिल्यांदा उघडली. पाचनईहून चढून आलो होतो, पिठलं-भाकरी पोटात गेली होती, टेंट लागला होता. व्हॉल्व्ह फिरवला आणि वाट बघत बसले. आपोआप फुगणारी म्हणून घेतली होती, मग आपण कशाला मध्ये पडायचं? वीस मिनिटं झाली तरी ती कच्च्या पापडासारखी चपटीच. बरोबरची पोरं तोवर कॅरीमॅट अंथरून घोरायला लागली होती. ज्यांच्याकडे जेवलो ते मामा भांडी आवरता आवरता माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "ताई, फुका की जरा तोंडानं. आपोआप काय होतंय का जगात?"

फुंकली. फुंकून फुंकून दगडासारखी कडक केली आणि रात्रभर तिच्यावरून घसरत राहिले. सकाळी ती पिशवीत परत जाईना, म्हणून सॅकला बाहेरून बांधली. उतरताना करवंदीच्या जाळीने तिला भोक पाडलं. एका मुक्कामात करण्यासारख्या होत्या तेवढ्या चुका मी एकटीने उरकल्या. त्यानंतर बरेच हिवाळे तीच मॅट वापरतेय. पहिल्यांदा घेणाऱ्याला दुकानदार जे सांगत नाही ते इथे क्रमाने लिहिते.

१. आधी ठरवा, ती तुम्हाला हवी आहे का?

वर्षातून दोन-तीन मुक्काम, तेही सह्याद्रीतच, आणि कातळावर पंचा टाकला तरी झोप लागते असं वय असेल तर साधी फोमची कॅरीमॅट घ्या आणि पुढचं वाचू नका. ती काही शेकड्यांत मिळते, तीन-चारशे ग्रॅम भरते, काटा घुसला तरी तिला फरक पडत नाही. चुलीपाशी बसायला घ्या, पावसात डोक्यावर धरा. सेल्फ-इन्फ्लेटिंगला काही हजार मोजावे लागतात आणि वर तिची बडदास्त ठेवावी लागते.

मग घ्यावी कुणी? जे कुशीवर झोपतात त्यांनी. पाठीवर झोपणाऱ्याचं वजन पसरतं, कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांद्यावर आणि खुब्यावर येतं, आणि कॅरीमॅट तिथे अगदीच पातळ पडते. ज्यांची कंबर सकाळी कुरकुरते त्यांनी घ्यावी. थंडीत गडमाथ्यावर किंवा हिमालयात स्वतःच्या टेंटमध्ये राहणाऱ्यांनी घ्यावी. मात्र संदकफू, केदारकंठा असे ट्रेक एखाद्या संस्थेबरोबर करणार असाल तर आधी फोन करून विचारा, बहुतेक ठिकाणी टेंटमध्ये मॅट दिलेली असते. स्वतःची पाठीवर वाहून नेलीत आणि तिथे गेल्यावर दुसरी अंथरलेली दिसली तर फार जिवावर येतं.

तिसरा पर्याय निव्वळ हवेच्या मॅटचा. वजनाला हलकी, गुंडाळल्यावर पाण्याच्या बाटलीएवढी. पण ती पंक्चर झाली की तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये फक्त दोन कापडं उरतात. सेल्फ-इन्फ्लेटिंगमध्ये हवा गेली तरी फोमचा थर राहतो. झोप मोडते, पण रात्र निभावते. नवख्या माणसाला मी तीच सुचवते ती एवढ्यासाठी.

२. ती फुगते कशी, हे एकदा समजून घ्या

भांडी घासायचा स्पंज मुठीत दाबा आणि सोडा. तो फुगताना हवा आत ओढतो. मॅटच्या आत असाच उघड्या छिद्रांचा फोम असतो, वर-खाली हवाबंद कापड चिकटवलेलं असतं आणि एका कोपऱ्यात व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह उघडला की दबलेला फोम उसळून वर येतो आणि हवा खेचतो. बस, एवढंच यंत्र.

ही कल्पना अमेरिकेतल्या सिएटलची. १९७०च्या सुमारास बोइंगमधून नोकरी गेलेल्या इंजिनिअरांपैकी एक जण बागकाम करताना फोमच्या गादीवर गुडघे टेकून बसला होता. वजन पडलं की गादीतली हवा बाहेर जाते, हे त्याच्या ध्यानात आलं. ती हवा कोंडून ठेवता आली तर? त्यातून १९७२ मध्ये कंपनी उभी राहिली आणि थर्म-ए-रेस्ट ही मॅट आली. आज बाजारात दिसणाऱ्या सगळ्या मॅट तिच्याच लेकी-नाती.

यंत्र कळलं की दोन गोष्टी ओघाने कळतात. एक, फोम जितका जास्त दिवस दाबून ठेवाल तितका तो आळशी होतो. माझी मॅट कारखान्यात गुंडाळल्यापासून किती महिने तशीच होती देव जाणे, ती वीस मिनिटांत काय उठणार! दोन, फोम स्वतःच्या बळावर मॅट बऱ्यापैकी भरतो, पूर्ण नाही. शेवटच्या काही फुंका तुमच्याच. मामा बरोबर होते.

३. आर-व्हॅल्यू बघा, जाडीला भुलू नका

आपण म्हणतो जमिनीतून थंडी येते. खरं तर आपल्या अंगातली ऊब जमिनीत जाते. स्लीपिंग बॅग कितीही भारी असो, पाठीखाली तिचा भराव आपल्याच वजनाने चेपला जातो आणि चेपलेला भराव ऊब धरत नाही. म्हणून पाठीखालची थंडी अडवण्याचं काम मॅटचं. हे ती किती करते ते सांगणारा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू. आकडा मोठा तितकी ऊब जास्त टिकते.

पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने काढायची. २०१८ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ३३४० हे मानक आलं. त्यात मॅट एका गरम आणि एका थंड पाट्यामध्ये ठेवतात आणि गरम पाटा गरम ठेवायला किती ऊर्जा लागते ते मोजतात. हे मानक पॅकिंगवर दिसलं तर दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना निर्धास्तपणे करा. नुसतंच "उणे दहा डिग्रीपर्यंत चालते" असं छापलेलं असेल तर मी त्याला फारशी किंमत देत नाही. कोणाला, कुठल्या स्लीपिंग बॅगमध्ये, काय पांघरून चालते?

ढोबळ हिशेब असा. फोमच्या कॅरीमॅटची आर-व्हॅल्यू दीड ते दोनच्या आसपास असते. सह्याद्रीतल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीला दोन ते तीन पुरते. हिमालयात बर्फ नसताना चारच्या जवळपास असावी, बर्फावर झोपायचं असेल तर पाच किंवा वर. आणि हे आकडे बेरजेत चालतात. तीनच्या मॅटखाली दोनची कॅरीमॅट टाकली की पाच झाले. घरात कॅरीमॅट आधीच असेल तर महागडी जाड मॅट घेण्याआधी ही बेरीज करून बघा.

४. दुकानात झोपून बघा

लाजू नका. मी दुकानात मॅट जमिनीवर टाकून कुशीवर झोपले होते, शेजारी एक काका तंबूच्या दांड्या मोजत होते, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. खुब्याखाली हात घालून बघायचं. फरशीला खुबा टेकत असेल तर ती जाडी तुम्हाला पुरत नाही.

अडीच ते चार सेंटिमीटर जाडीची, पूर्ण लांबीची मॅट साधारण सहाशे ग्रॅम ते एक किलो भरते. पाच सेंटिमीटरच्या वर गेलात की वजन किलोच्या पुढे सरकतं. आठ-दहा सेंटिमीटरच्या मऊ लुसलुशीत मॅट दुकानात सगळ्यांना आवडतात, पण त्या दोन-तीन किलोंच्या असतात आणि गाडीच्या डिकीत ठेवून भंडारदऱ्याला काजवे बघायला नेण्याच्या लायकीच्या आहेत. पाठीवर घेऊन गड चढायच्या नाहीत.

नेहमीची लांबी १८३ सेंटिमीटर, रुंदी ५१. रुंदी आधी डोळ्यांना पुरेशी वाटते. मग पाठीवर झोपून हात बाजूला टाकले की कोपरं जमिनीवर येतात. आडवा बांधा असेल तर रुंद मॅट मागा. आखूड, १२० सेंटिमीटरच्या मॅटही मिळतात. पाय रिकाम्या सॅकवर ठेवायची तयारी असेल तर वजन वाचतं. मला ते जमलं नाही, थंडी पायांतूनच चढते.

पावती आणि वॉरंटीचं कार्ड फोटो काढून ठेवा. फोम कापडापासून सुटला तर वॉरंटी उपयोगी पडते, काट्याचं भोक मात्र तुमचं तुम्हीच निस्तरायचं.

५. घरी आणल्याबरोबर उघडा

हीच ती पायरी, जी मी गाळली. मॅट पिशवीतून काढा, व्हॉल्व्ह उघडा, जमिनीवर पसरा आणि रात्रभर तशीच सोडा. सकाळी अर्धवट उठलेली दिसेल. तोंडाने थोडी हवा भरून कडक करा, व्हॉल्व्ह लावा आणि दिवसभर राहू द्या. फोमला त्याचा मूळ आकार आठवायला एवढा वेळ लागतो. मग तिच्यावर घरीच एक रात्र झोपा. हवा उतरत असेल तर ती पलंगाशेजारी उतरलेली बरी, दुकानही अजून जवळ असतं.

६. सोबत काय न्याल

मॅट, तिची पिशवी आणि पट्टा. दुरुस्तीचं किट: पॅचचे तुकडे, गोंदाची छोटी ट्यूब, स्पिरिटमध्ये भिजवलेले दोन-तीन पुसणे. किट मॅटबरोबर आलं नसेल तर त्याच वेळी मागून घ्या, नंतर शोधत बसाल. खाली टाकायला निळ्या ताडपत्रीचा तुकडा किंवा जुनी कॅरीमॅट. एक सुती फडका. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन नेऊ नका, ते रबरासाठी असतं, या कापडावर पॅच फार टिकत नाही.

७. सॅकच्या आत. बाहेर नाही.

कॅरीमॅट सॅकला बाहेर बांधायची आपल्याला सवय आहे. एसटीत, लोकलमध्ये, हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत ती घासते, खरचटते, चालतं. या मॅटला ते परवडत नाही. करवंदी, बोर, घाणेरी, कातळाची धार, सगळे तिच्यावर टपून असतात. आत जागा होत नसेल तर सॅक चुकीची भरली आहे. मी मॅट सॅकच्या पाठीकडच्या बाजूला उभी ठेवते, टेंटचे खुंटे आणि चाकू तिच्यापासून लांब.

८. मुक्कामी पोचल्यावर

टेंट लागला की पहिलं काम मॅटचं, जेवण नंतर. आधी जमिनीवर हात फिरवा. सह्याद्रीत गवताखाली वाळलेल्या काट्यांचे तुकडे असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, तळव्याला कळतात. ताडपत्री टाका, वर मॅट, व्हॉल्व्ह उघडा आणि जेवायला जा. जेवून येईपर्यंत ती जमेल तेवढी भरलेली असते.

मग फुंका. पण कमी. तोंडाची हवा दमट असते, ती आत साठते आणि पुढे फोमला बुरशी धरते. गोठणबिंदूच्या खाली तीच वाफ आत गोठते. म्हणून फोमला त्याचा वेळ द्या आणि शेवटच्या चार-सहा फुंकाच स्वतःच्या घाला. काही मॅटची पिशवीच पंपाचं काम करते. तशी असेल तर तोंड लावायलाच नको.

आता खरी युक्ती. मॅट आधी कडक भरा, तिच्यावर तुमच्या नेहमीच्या कुशीवर झोपा आणि व्हॉल्व्ह किंचित सैल करा. हवा सुस्कारा टाकत जाऊ द्या. खुबा हळूहळू खाली रुतेल. जमिनीला टेकणार असं वाटलं की तिथेच बंद. अशी भरलेली मॅट घसरतही नाही, कारण अंग तिच्यात बसतं. पहिल्या रात्री मी जी कसरत केली ती निव्वळ जास्त हवेमुळे.

उतार असेल तर डोकं चढाकडे. तरीही घसरत असाल तर मॅटखाली जुनी कॅरीमॅट टाका, कापड तिला धरून राहतं.

मध्यरात्री मॅट मऊ पडल्यासारखी वाटली तर लगेच पंक्चर समजू नका. संध्याकाळी तीस डिग्रीला भरलेली हवा पहाटे पाच डिग्रीला आकसते, दाब सुमारे आठ टक्के उतरतो. दोन फुंका घाला आणि झोपा. उलट दिवसा पूर्ण भरलेली, व्हॉल्व्ह बंद केलेली मॅट उन्हात तापू देऊ नका. आतली हवा प्रसरण पावते, फोम कापडापासून सुटतो आणि मध्येच टेंगूळ येतं. ते टेंगूळ कुणालाही दुरुस्त करता येत नाही. घाट चढणाऱ्या गाडीत अशी भरलेली मॅट टाकली तरी तेच, वर जाल तशी ती फुगते.

शेकोटीपाशी ही मॅट कधीच नाही. एक ठिणगी पुरते. हरिश्चंद्रगडासारखे गड तर अभयारण्यात येतात, तिथे मुळात आग पेटवायचीच नाही. डासांचं क्रीम लावून लगेच मॅटवर लोळू नका, काही क्रीममधली रसायनं कापडावरचा लेप खातात. आधी अंगात मुरू द्या.

९. सकाळी गुंडाळायची कशी

यात सगळे हरतात, कारण एकाच दमात गुंडाळायला बघतात. दोनदा गुंडाळायची असते.

व्हॉल्व्ह उघडा. मॅट लांबीतून मधोमध दुमडा. व्हॉल्व्ह नसलेल्या टोकाकडून घट्ट गुंडाळत या, गुडघ्यांनी दाबत, अगदी हळू. व्हॉल्व्हपाशी पोचलात की गुंडाळी तशीच धरून व्हॉल्व्ह लावा. आता ती सोडा. मॅट चपटी राहील, हवा परत शिरणार नाही. पुन्हा नीट दुमडा, पुन्हा त्याच टोकाकडून गुंडाळा, शेवटी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून उरलेली हवा काढा, बंद करा, पट्टा लावा. पिशवीत अलगद जाते. पोरं दात घासून येईपर्यंत माझं उरकलेलं असतं.

गुंडाळण्याआधी खालची बाजू फडक्याने पुसा. दव आणि माती तशीच गुंडाळली तर घरी पिशवी उघडल्यावर वासानेच कळेल.

१०. घरी ठेवताना पिशवी विसरा

पिशवी फक्त प्रवासासाठी. घरी मॅट उलगडून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून ठेवायची. पलंगाखाली आडवी किंवा कपाटामागे उभी. आत गेलेला दमटपणा व्हॉल्व्हमधून निघून जातो आणि फोम दबून राहत नाही. ट्रेकहून आल्यावर पहिले दोन-तीन दिवस पंख्याखाली, सावलीत. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर अधूनमधून काढून वारं द्यावंच लागतं.

मळली असेल तर व्हॉल्व्ह बंद करून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. वॉशिंग मशीन नाही, ब्रश नाही, आत पाणी तर अजिबात नाही. आणि उंदीर. आमच्या शेजाऱ्यांच्या मॅटचा एक कोपरा उंदरांनी पावसाळाभर बाळंतपणाला वापरला. माळ्यावर टाकू नका.

११. पंक्चर झालंच तर

आधी व्हॉल्व्ह बघा. त्यात मातीचा कण किंवा गवताची काडी अडकली की हवा निसटते आणि आपण उगाच कापड धुंडाळत बसतो.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर मॅट कडक भरा, दुमडून दाब वाढवा आणि गाल किंवा ओले ओठ कापडाजवळून फिरवा. बारीक हवा तिथे लागते. सापडत नसेल तर साबणाचं पाणी चोपडा, बुडबुडे येतात. घरी असाल तर टबात बुडवा, व्हॉल्व्ह बंद करून. गडावरच्या टाक्यात मात्र बुडवू नका. ते गावकऱ्यांचं आणि तुमच्यामागून येणाऱ्यांचं पिण्याचं पाणी आहे. भोक दिसलं की लगेच पेनने गोल करा, ओलं पुसलं की ते पुन्हा दिसत नाही.

जागा कोरडी करा, स्पिरिटने पुसा, हवा काढा. भोक टाचणीएवढं असेल तर गोंदाचा थेंब पुरतो. मोठं असेल तर पॅच, कडा गोल कापलेला, भोकापेक्षा चहूबाजूंनी किमान एक सेंटिमीटर मोठा. वर वजन ठेवा आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत हवा भरू नका. घाई केली की पॅच उचकटतो. रात्रीपुरतं भागवायचं असेल तर कोरड्या कापडावर चिकटपट्टी दाबून लावा, पण घरी आल्यावर ती काढून नीट दुरुस्ती करा, नाहीतर तिचा चिकटा राहतो आणि त्यावर पॅच बसत नाही.

माझ्या मॅटवर आता तीन ठिगळं आहेत. करवंदीचं भोक मी पहिल्यांदा सायकलच्या सोल्यूशनने बुजवलं होतं. ते पुढच्याच मुक्कामात, पहाटे तीन वाजता सुटलं.